पोळ्याचा बार

गज नळीत सोडला, आणि तो चार बोटं वरच अडला.

सकलैन मियाँनी तो बाहेर काढून पुन्हा सोडला. पुन्हा तिथंच. मघा हाच गज बाहेरून नळीला लावून त्यांनी माप घेतलं होतं. नळी रिकामी असती तर तो पार तळाला टेकायला हवा होता. ही ठासणीची रायफल भरलेली होती, आणि थोड्याच वेळात दीपक ती खांद्याला लावणार होता.

माणूस मुळात भित्रा. जिल्हा पोलिसांच्या शस्त्रागारात उभी नोकरी काढली, पण रिकाम्या बंदुकीच्याही तोंडासमोर कधी बसले नाहीत. दिवाळीत फटाके सुरू झाले की आमचे मियाँ रजई ओढून घेतात, असं त्यांची बायको खैरुन्निसा साऱ्या खामगावाला सांगत असते. मियाँ हसून घेतात. ज्याला बंदूक कळते त्यानं तिला भ्यायलाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. निवृत्तीनंतर लोक जुनी हत्यारं पारखायला त्यांनाच बोलावतात, ते याच भित्रेपणामुळे.

आज पिंपळगाव राजाजवळच्या या खेड्यात त्यांना बोलावलं होतं दीपकच्या बायकोनं, प्रेरणानं. दीपकचे वडील किसनराव गेल्या साली वारले. रायफल वारशानं दीपककडे आली, परवानाही त्याच्या नावावर झाला. आणि रायफलीबरोबर मान आला. गावात तोरणाखाली बैलं जमली की या घरच्या कर्त्यानं हवेत एक बार काढायचा, मगच पोळा फुटायचा. त्यातही रीत अशी कडक की जो बार काढणार त्यानंच तो भरायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. दीपक शिकला-वाढला नाशकात. जन्मात त्यानं बार भरला नव्हता. गज किती खाली जायला हवा हे त्याला कोण सांगणार?

प्रेरणाला रात्र रात्र झोप नव्हती. फोनवर ती एवढंच म्हणाली होती की चाचा, रायफलीचं वय पाहा, दम पाहा, किंमत पाहा, पण ह्यांनी ती वाजवायच्या आधी पाहा.

"दार लाव, बेटा," मियाँ हळूच म्हणाले.

तिनं दार लावलं. मियाँनी गजाचं माप दाखवलं आणि नळी भरलेली आहे हे सांगितलं. ती भिंतीला धरून खाली बसली. मियाँनी ठिणगीची टोपी बसवायच्या भोकातून आत तेल सोडलं, म्हणजे दारू मेली. मग गजाच्या टोकाला मळसूत्र लावून ते नळी उकरायला लागले. कपाळावरचा घाम नाकावरून ओघळत होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

आधी निघाली काळी माती, दगडासारखी ठासलेली. मग एक चिंधी. तिच्याखाली दारू, नेहमीच्या बारापेक्षा कितीतरी जास्त.

"हे काय आहे, चाचा?"

"मौत आहे." मियाँ म्हणाले. "दीपकनं यावर आपला बार भरला असता, टोपी लावली असती, चाप ओढला असता. मातीनं वाट बंद. मग नळीच फुटते, थेट त्याच्या तोंडाजवळ."

प्रेरणानं विचारलं की हे गफ्फारमामांचं काम असेल का. नांदुऱ्याच्या गफ्फार मिस्त्रीनं रायफल साफ करून परवा दुपारी आणून दिली होती. मियाँनी उत्तर न देता चिंधी तिच्या नाकाजवळ धरली. चिंधी पिवळीजर्द होती आणि तिला तुपाचा वास होता.

काल सांजेला खांदमळणी झाली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात, ती. गफ्फार तर परवाच घरी गेला होता.

प्रेरणा ओरडायला उठलीच होती. मियाँनी तिला थांबवलं. आत्ता बोंब मारली तर करणारा साऱ्यांच्या आधी गफ्फारकडे बोट दाखवील आणि उद्या दुसरं काही करील. तिनं गुपचूप पोलिसांना फोन करावा. दीपकला एवढंच सांगावं की चाचा म्हणतील त्याला हो म्हण. मग मियाँ दीपकच्या आईकडे, आशाबाईंकडे गेले. त्या पुरण वाटत होत्या. रायफलीवर दमट हवेचा परिणाम झालाय का ते पाहायचंय, असा बहाणा करून मियाँनी विचारायला सुरुवात केली.

"वहिनी, काल सांजेले ही कुठं होती?"

"तिथंच, समोरच्या खोलीत, खुंटीवर."

"खोलीत कोण होतं?"

"कोणीच नाही. आम्ही सारे गोठ्यात. खांदमळणी होती नं."

"सारे म्हणजे?"

"मी ओवाळायले; चोळायले दीपक, सहदेव. अन् भगवानभाऊजी." आशाबाईंचा चेहरा फुलला. "इतक्या वर्षांनी या घरात पाय ठेवला त्यायनं. आपल्या हातानं बैलाले हळद लावली. मी म्हटलं, देव पावला."

भगवानराव म्हणजे किसनरावांचा धाकटा भाऊ. बापानं पोळ्याचा मान थोरल्याला दिला, म्हणून भगवानरावांनी भावाशी बोलणं टाकलं ते तो मरेपर्यंत. मियाँनी विचारलं की मध्ये कोणी उठून घरात आलं होतं का. आशाबाई म्हणाल्या, सारेच आले असतील, कोणी पाण्याला, कोणी तुपाला. घ्या! म्हणजे चोळणाऱ्या तिघांचेही हात पिवळे. सहदेव या घरचा जुना सालदार गडी. दीपक शेत विकून आपल्याला काढून टाकणार, असं तो महिनाभर गावात बोलत होता. आणि भगवानराव कालच आले होते.

मियाँना आता खरी भीती वाटायला लागली. माती भरणारा बाहेर ओसरीवर बसून चहा पीत होता, आणि मियाँना आता त्याच्याच शेजारी बसून चहा प्यायचा होता.

ओसरीवर सारे जमले. मियाँनी रायफल बाजेवर ठेवली. माती आणि चिंधी त्यांच्या पिशवीत होती, नळी साफ रिकामी होती, पण ते फक्त त्यांना आणि प्रेरणाला ठाऊक.

"चापाच्या कुलपावर मुकुट आहे, खाली साल अठराशे बासष्ट," मियाँनी सांगायला घेतलं. "लाकूड मूळचंच, अक्रोडाचं. दस्त्याले चीर आहे, तांब्याच्या तारेनं आवळली, ते काम जुनं आहे. टोपीची जागा मागून बदललेली. नळीतले आटे झिजले, पण मेले नाहीत. पॉलिश मारू नका, रंग देऊ नका. अशीच ठेवली तं शौकीन माणूस लाखाच्या वर देईन. घासून चमकवली तं अर्धेही नाही."

दीपकनं विचारलं की म्हणजे वाजवायला चालेल ना. मियाँ म्हणाले, चालेल. प्रेरणानं मान खाली घातली.

मग त्यांनी सहदेवला हाक मारून सांगितलं की नळीत कचरा राहिला असेल, जरा फुंकर मार. सहदेवनं दस्ता पायात धरला, ओणवा झाला आणि नळीच्या तोंडालाच तोंड लावून जोरात फुंकर मारली. टोपीच्या भोकावर मियाँचा अंगठा होता, हवा निघाली ती त्यांनाच कळली. नळी भरलेली आहे हे ठाऊक असणारा माणूस असं करत नाही. मियाँनी सुटकेचा श्वास टाकला. आता एकच माणूस उरला होता.

"भगवानराव," ते म्हणाले, "हत्यार जुनं आहे, हात जाणता पाहिजे. दीपक राजी आहे. यंदा बाराचा मान तुम्ही घ्या."

"घ्या, काका," दीपक म्हणाला.

आशाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या मानासाठी या माणसानं सख्ख्या भावाच्या तिरडीला खांदा दिला नव्हता, तो मान पुतण्या दोन्ही हातांनी पुढं करत होता. रायफल त्यांच्यासमोर होती. भगवानरावांनी हात पाठीमागे नेले.

"नाही. मान कर्त्याचा. दीपकनंच काढावा."

"आशाबाई देऊन राह्यल्या, दीपक देऊन राह्यला. काऊन नाही म्हणता?"

"गफ्फारनं काय करून ठेवलं असन कोण जाणे. मी नाही हात लावत."

"तुम्ही नाही लावत," मियाँ म्हणाले, "मंग दीपकनं काऊन लावावा?"

मियाँनी पिशवीतून माती आणि पिवळी चिंधी काढून बाजेवर ठेवली. गजाचं माप सांगितलं, चिंधीतली हळद दाखवली, गफ्फार परवाच गेला होता ते सांगितलं. हळदीचे हात तिघांचे होते. त्यांतला दीपक स्वतःच मरणार होता आणि सहदेवनं नळीला तोंड लावलं. राहिले भगवानराव. ते या घरात लहानाचे मोठे झाले होते, बार कसा भरतात ते बापाकडे पाहून शिकले होते, आणि आपला बार स्वतःच भरणाऱ्या दीपकला काही कळणार नाही हेही त्यांना ठाऊक होतं. रीतच त्यांच्या कामी आली होती. तुपाचं निमित्त करून ते घरात आले, आणि हात धुवायचं तेवढं राहून गेलं.

भगवानरावांचा चेहरा राखेसारखा झाला. "मले त्याले मारायचं नव्हतं," ते म्हणाले. "बार फुसका व्हावा, गावानं हसावं, एवढंच. मंग मान माह्याकडे आला असता."

"फुसक्या बाराले कोणी भीत नाही, भगवानराव. तसं असतं तं तुम्ही रायफल घेतली असती, अन् स्वतःच हसले असते. तुमाले ठाऊक होतं ती फुटते म्हणून."

सहदेव मटकन खाली बसला आणि पुन्हा पुन्हा तोंड पुसायला लागला. आशाबाईंनी त्याला सांगितलं की तोरणाशी जा, गावाला म्हणावं यंदा बार नाही, हातानं तोरण तोडा. तो गेला. पोलिसांची गाडी फाट्यावर आल्याचं प्रेरणानं सांगितलं. भगवानराव पळाले नाहीत. ते बाजेच्या कडेवर तसेच बसून होते.

दीपक त्यांच्यासमोर येऊन उकिडवा बसला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता.

"काका, मी बार काढत असताना तुम्ही कुठं उभे राहणार होते?"



"मी तोरणाशी येणारच नव्हतो," भगवानराव म्हणाले. "घरीच बसणार होतो. आवाजावरून समजलं असतं."