झाडं, झाडं आणि झाडं

“कोण काय म्हणालं ते सोडा, मास्तर. त्याला ते कळलं कुठून, तेवढं ध्यानात ठेवा.”

शोधकामाला निघताना अक्का सोबतच्या मास्तरांना हे बजावत. पण या घरात कुणाला काही कळलंच नव्हतं. मग मास्तरांनी ध्यानात ठेवायचं काय, कपाळ?

थोरल्या सुनेचा नवरा रंगाच्या कारखान्यात पाळीला गेला, तो परतलाच नाही. फाटकावर पोलीस कुणाला उभं करीनात. नेटवर कारखान्याचं नाव टाकलं की मंत्री झाडं लावताना दिसत. सुनेने कारखान्यातून निघणाऱ्या धुराचा फोटो काढून नेटवर टाकला, तर चहा उकळेपर्यंत तो गायब.

“माझा माणूस शोधा, अक्का. बाकी काही नको मला.”

सासरे गुरगुरले, “आग लागली असती तर नेटवर आली नसती? बसला असेल कुठे तोंड लपवून!”

“मामंजी, धूर मी या डोळ्यांनी पाहिलाय!”

“बरं बाई. या घरात माझं ऐकतो कोण? धाकटा वीज कंपनीत, आणि बंद मीटरची तक्रार कुठे करायची तेही त्याला सांगता येत नाही!”

नणंद वैतागली होती. “दुपारभर शोधतेय. झाडं, झाडं आणि झाडं! आता रोप दिसलं तरी उपटावंसं वाटतं.”

धाकटा दीर हळूच म्हणाला, “धीर धर, वहिनी. कारखान्याच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, तरी खिडक्यांतून बरेच जण निघालेत. नेटवर आलंय सगळं.”

चला, एकाला तरी शोधता येतं! मास्तरांना हायसं वाटलं.

“दाखवता का?” अक्कांनी दिराचा फोन पुढे ओढला. कारखान्याचं नाव टाकलं. झाडं.

“म्हणजे थाप?” मास्तर म्हणाले.

“नाही हो, यांनी खरंच वाचलंय. पण सरकारने झाकलेलं नेट उघडं कुणाला दिसतं? झाकायला बसवलेल्याला. वीज कंपनी नुसती सांगायला. म्हणून तर मीटरचं काही ठाऊक नाही. कचेरीत सगळं दिसतं, घरी काही नाही. रोज दोन्हीकडे वावरून हे विसरले, की आपण पुसलेलं घरच्यांपर्यंत पोचतच नाही.”

दिराची मान खाली गेली. “तुझा फोटोही मीच पुसला, वहिनी.”

“आणि यांचा?” सुनेने विचारलं.

“तोही. पलीकडच्या शहरातल्या इस्पितळातला. हात भाजलेत, पण दादा शुद्धीवर होता. बोललो असतो तर तुरुंग...”

“सख्खा भाऊ, गाढवा!” सासरे ओरडले.

अक्कांचा आवाज चढला नाही. “आता काय करणार?”

“वहिनीला नेतो. शब्द देतो.”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कचेरीतून होता. त्याने तो वाजत असतानाच टेबलावर पालथा घातला, उंबऱ्यापाशी वहिनीच्या चपला सरळ करून ठेवल्या आणि स्कूटर काढायला जिना उतरू लागला.