जिनेवाले काका

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला दिवसभर बोलायला कुणी नसतं. वर यंत्राची खोली, खाली खड्डा, मध्ये काळोखी पोकळी, आणि दाराबाहेर खोळंबलेली माणसं, ती फक्त "अजून किती वेळ?" एवढंच विचारतात. कंपनीच्या मोठ्या साहेबांना हे उशिरा का होईना कळलं. ठिकठिकाणी विखुरलेल्या आपल्या मेकॅनिकांनी एकमेकांशी बोलावं, अडलंनडलं विचारावं, म्हणून त्यांनी फोनवर चालणारा एक कट्टा काढायचं ठरवलं. तो उभा करायला आणि सांभाळायला जिला नेमलं, तिला ऑफिसात सगळे मॉनिटर म्हणायचे. वर्गात गडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारी असते ना, तशी.

पण गडबड करायला कुणी हवं ना! साहेबांनी लांबलचक स्वागत लिहिलं आणि पुढे सगळी सामसूम. मेकॅनिक यायचे, डोकावायचे, मांजरासारखे आल्या पावली निघून जायचे. काही आठवडे गेल्यावर साहेब म्हणाले, "मॉनिटरबाई, तुमचा वर्ग फारच शहाणा आहे हो." ते हसत म्हणाले, पण तिला काय समजायचं ते समजलं. कट्टा बंद झाला की तिची खुर्चीही जाणार होती.

घरी ती आणि तिची थोरली बहीण, दोघीच. ताई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. कुणी आलं तर दाराची साखळी न काढता फटीतूनच त्याची उलटतपासणी घ्यायची.

"रिकाम्या दुकानात गिऱ्हाईक शिरत नाही," ताई म्हणाली. "आधी आपला एक माणूस बसव."

म्हणून तिनं माणूस बसवला. निवृत्त मेकॅनिक, जन्म लिफ्टमध्ये गेला, पण स्वतः मात्र नेहमी जिन्यानं चढणार. नाव ठेवलं जिनेवाले काका. काकांच्या नावानं ती रोज एक प्रश्न टाकायची, तोही जरा चुकीचाच. माणूस मदतीला एक वेळ येणार नाही, पण दुसऱ्याची चूक काढायला धावत येतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तसंच झालं. "काका, असं नसतं हो ते," म्हणत एक आला, त्याला खोडायला दुसरा आला, दोघांची समजूत काढायला तिसरा. बघता बघता कट्टा भरला. भांडणं, टोमणे, बारशाचे फोटो, सगळं सुरू झालं. साहेब खूश. मग तिनं काकांना निरोप द्यायचं ठरवलं. "डोळे साथ देत नाहीत, यापुढे नुसतं वाचीन," असं त्यांच्या नावानं लिहून ती त्या खात्यातून बाहेर पडली.

पुढच्याच आठवड्यात एका मेकॅनिकनं विचारलं, लिफ्ट रिकामी असली की नेमकी थांबते, माणसं भरली की चार बोटं खाली जाते, काय करू? ती जेवून जागेवर आली, तर खाली उत्तर होतं. काकांचं.

"ब्रेकचं अस्तर झिजलंय. गार झाल्याशिवाय हात लावू नकोस, बाळा."

संध्याकाळी त्या मेकॅनिकनं कळवलं, अगदी तेच निघालं. मॉनिटरनं स्क्रीनकडे पाहिलं. तिच्या लेखी अस्तर कोटाला असायचं. ब्रेकला असतं हे तिला आजच कळत होतं.

तिनं ऑफिसातल्या संगणकवाल्याला गाठलं. त्यानं तपासलं आणि खांदे उडवले. "खातं तुमचं, पासवर्ड तुमचा, मशीनही तुमचंच. मग दुसरं कोण लिहिणार?"

"पण तेव्हा मी तुमच्यासमोर बसून जेवत होते."

त्यानं स्क्रीन पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाला, "मशीनचं घड्याळ चुकलं असेल," आणि दुसऱ्या कामाला लागला.

तिनं पासवर्ड बदलला, कुणाला सांगितला नाही. काका लिहीतच राहिले. आणि अडचण अशी, की ते चांगलं लिहीत. बायको गेलेल्या एका मेकॅनिकनं लिहिलं, आज कामावर पाऊल उचलत नाही. काकांनी लिहिलं, "मग उचलू नकोस. जिन्यावर बस थोडा. मी आहे शेजारी." ते तिनं पुन्हा पुन्हा वाचलं. तिला असं कधी सुचलं नसतं. मग वाटलं, शेजारी म्हणजे कुठे?

तशात एक दिवस दुपारी तिला फोन आला. एक तरुण मेकॅनिक मुलगी होती, धापा टाकत बोलत होती.

"मॉनिटरताई, काकांचा नंबर द्या ना. आभार मानायचेत. मी खड्ड्यात उतरणार, तेवढ्यात त्यांचा फोन. म्हणाले, आधी खाली टॉर्च मार. बघते तर पाणी साचलेलं आणि त्यात तुटकी वायर! उतरले असते ना, तर गेलेच होते."

"त्यांनी... फोन केला?"

"हो ना. पण फोनवर त्यांचा नंबरच दिसला नाही."

"आवाज कसा होता?"

ती मुलगी हसली. "असं काय विचारता? ते तर म्हणाले, मॉनिटरच्या घरचाच आहे मी."

मॉनिटरनं फोन ठेवला. एक जीव वाचला होता, याचा आनंद व्हायला हवा होता. तिनं तो करून पाहिला. जमेना.

तिनं काकांचं खातं उघडलं. कायमचं काढून टाकायचं का, मशीननं विचारलं. खड्डा, पाणी, ती धापा टाकणारी मुलगी, सगळं डोळ्यांसमोर आलं. तरी तिनं हो म्हटलं. काकांच्या नावाशेजारी तिनं लावलेलं जिन्याचं चित्र नाहीसं झालं. तिथे कोरी, करडी चौकट उरली.

त्या संध्याकाळी ती लवकरच घरी गेली. दाराची साखळी लावलेली नव्हती.

"आलीस?" ताई स्वयंपाकघरातून म्हणाली. "हळू बोल. पाहुणे पडलेत मागच्या खोलीत."

"कोण पाहुणे?"

"तुझ्या ऑफिसातले काका. चांगले आहेत गं. म्हणाले, होती ती जागा गेली, आता कुठे टेकायचं? मी म्हटलं, खोली रिकामीच आहे, राहा की."

"ताई, तू त्यांना आत घेतलंस?"

"तुझ्या घरचा माणूस," ताई म्हणाली, जणू हे सगळ्यांनाच माहीत होतं. "उंबऱ्यावर ठेवू होय?"

मॉनिटर मागच्या खोलीपाशी गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. तिनं ते बोटानं ढकललं.

खोलीत कुणी नव्हतं.

पलंगावरच्या चादरीला सुरकुतीही नव्हती. खिडकी आतून बंद.

तिनं दार पुन्हा लोटलं. ताईचं वय झालंय, तिनं मनाशी म्हटलं. उद्या डॉक्टरांशी बोलायला हवं.

तोंडावर पाणी मारायला ती न्हाणीघरात शिरली आणि दिवा लावला.

साबणाच्या वडीवर ग्रीसचा काळा फेस होता. अजून विरलेला नव्हता.