दुपारी बाराचा भोंगा

रस्त्याच्या कडेला एक निळी गाडी उभी होती आणि गाडीखालून दोन बूट बाहेर आले होते.

टेसानं पिकअप थांबवली, ती धावत गेली आणि त्या बुटांना म्हणाली, "अहो! जिवंत आहात ना?"

"आहे... पण किती वेळ, ते सांगता येत नाही," गाडीखालून आवाज आला.

मग बुटांच्या मागोमाग एक तरुण सरपटत बाहेर आला. केस विस्कटलेले, नाकाच्या शेंड्यावर चिखल आणि डोळे असे, की टेसाला एकदम दुसरीकडे बघावं लागलं.

"काय झालंय गाडीला?" तिनं मक्याच्या शेताकडे बघत विचारलं.

"तेच तर शोधतोय. समोरून येणारा प्रत्येक माणूस मला बोट दाखवतोय. स्टिअरिंगवरून एकच बोट वर... हे असं. म्हटलं, नक्की चाक निखळलंय, नाहीतर मागून धूर येतोय."

टेसाला हसू आवरेना. "अहो, ते नमस्कार करत होते तुम्हाला! आमच्याकडे असाच करतात."

"एका बोटानं?"

"बाकीची बोटं गाडी चालवायला लागतात."

तोही हसला. "मी ओरेन माल्कम. फिलाडेल्फियाहून आलोय. प्लम फोर्कला औषधांचं दुकान काढायचा विचार..."

टेसाचं हसू जागच्या जागी विरलं. म्हणजे हाच तो! ज्याला तिनंच बोलावलं होतं, ज्याच्या वाटेकडे सगळं गाव डोळे लावून बसलं होतं, तो हा असा चिखलात लोळत होता, आणि ती त्याला खुशाल हसत होती!

आता प्लम फोर्कची तऱ्हा सांगायची तर, मुख्य रस्त्यावर उघड्या दुकानांपेक्षा बंद दुकानंच जास्त. म्हणून गाव समितीनं ठरवलं होतं, जो कुणी इथे येऊन धंदा सुरू करेल त्याला दुकानाची जागा फुकट, वर राहायला घरही. अशा माणसांना शोधून आणायचं काम टेसा कुचेराकडे. काही आलेही, पण टिकलं कुणी नाही. केस कापायचं दुकान काढणारी एक बाई तर पहिल्याच दुपारी टेबलाखाली शिरली, ती बाहेर आली ते थेट सामान बांधायलाच.

कारण होता भोंगा.

अग्निशमन केंद्राच्या छपरावरचा हा भोंगा रोज दुपारी बाराला आपोआप किंचाळायचा. नेब्रास्कातल्या बऱ्याच गावांत ही रीत आहे. बाराला भोंगा झाला की शेतातली माणसं ट्रॅक्टरवरून उतरतात आणि जेवायला बसतात. आणि तोच भोंगा अवेळी वाजला, तर टोर्नाडो आला समजायचं आणि तळघर गाठायचं. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे कळत होतं. परक्या माणसाला मात्र पहिल्यांदा ऐकताना वाटायचं, आता जगबुडी होणार.

आणि हा माणूस तर एका बोटाला घाबरला होता!

"काका," टेसा त्याच संध्याकाळी एमिल काकांना म्हणाली, "तो इथे आहे तोवर भोंगा बंद ठेवूया का?"

एमिल काका गावाचे महापौर आणि बंबाचे प्रमुखही. त्यांनी मान खाजवली. "टेसा, भोंगा तो भोंगा आहे गं."

"आणि औषधं ती औषधं आहेत, काका. गेल्या हिवाळ्यात काय झालं ते विसरलात?"

काका विसरले नव्हते. औषधांचं जवळचं दुकान तासाभराच्या रस्त्यावर होतं. बाबांना दम्याचा झटका आला तेव्हा टेसा औषध आणायला गेली आणि येताना बर्फात अडकली. औषध शेजारच्या सीटवर, बाबा घरी धापा टाकताहेत, आणि समोर पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही... बाबा वाचले, पण टेसाच्या मनातली ती रात्र काही संपली नव्हती. तेव्हापासून आभाळ भरून आलं तरी तिच्या छातीत धडधडायचं. बोलत मात्र कुणाजवळ नव्हती.

काकांनी भोंग्याचा फ्यूज काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

झालं! गावाच्या जेवणाचा पार बोजवारा उडाला. बारा वाजलेले कुणाला कळेनात. बाबांचे बटाटे करपले. कॅफेत माणसं दोन-दोन वाजता येऊन "आज भूक का लागलीये इतकी?" असं एकमेकांना विचारू लागली. ओरेनला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो आपला बंद पडलेल्या जुन्या दुकानात फळ्या मोजत होता, खिडक्या पुसत होता, आणि टेसा रोज काही ना काही निमित्तानं तिथे जात होती. कधी किल्ली द्यायला, कधी गरम कोलाची, म्हणजे जर्दाळूचा मुरंबा भरलेला गोड पाव, द्यायला, तर कधी... काहीच द्यायचं नसायचं.

"तुमच्याकडच्या गायी माझ्याकडे फार टक लावून बघतात," तो कोलाची खाता खाता म्हणाला.

"नवीन माणूस दिसला की बघणारच."

"गायीच की... सगळेच?"

टेसाचे कान तापले. "इतकं घाबरता कशाला हो सगळ्याला?"

"मी घाबरतो म्हणून सांगून तरी टाकतो. गायी, कोळी, इथली रात्रीची शांतता... घाबरतो बुवा. तुम्हाला कशाची भीती वाटते?"

"मला? कशाचीच नाही," टेसा म्हणाली आणि उगाच फळी पुसू लागली.

"बरं, एक खरं सांगाल? इथे टोर्नाडो येतात का?"

तिच्या हातातलं फडकं थांबलं. हो म्हटलं, तर हा जाणार. गेला, तर पुढचा हिवाळा पुन्हा तसाच. आणि... आणि हा परत दिसणार नाही. हे शेवटचं तिनं मनातसुद्धा घाईघाईनंच म्हटलं.

"छे! ते सगळं टीव्हीवर," ती म्हणाली.

ओरेननं तिच्याकडे नीट बघितलं आणि विश्वास ठेवला. त्या विश्वासानंच तिला झोप लागेना.

शुक्रवारी संध्याकाळी तो समितीला आपला निर्णय सांगणार होता. दुपारी एमिल काका बियाणं आणायला शेजारच्या गावी गेले. टेसा कॅफेत होती. वारा एकदम पडला. बाहेरच्या झाडाचं पानही हलेना. पाखरं गप्प. आभाळ हिरवं झालं होतं, जुन्या मुक्या मारासारखं. मग काउंटरवरचा रेडिओ खरखरला आणि परगण्यातल्या गावांची नावं सांगू लागला. त्यात प्लम फोर्कचं नाव होतं.

टेसा दाराशी आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक कमरेवर हात ठेवून अंगणात उभे होते, आभाळाकडे बघत, निवांत. इथल्या लोकांची सवयच ती. तळघरात जायचं ते भोंगा झाल्यावर, तोवर मजा बघायची.

"अजून भोंगा कुठे झालाय!" रस्त्यापलीकडच्या अंगणातून रुडी ओरडला. "वेळ आहे!"

भोंगा होणारच नव्हता. फ्यूज काकांच्या खिशात होता, आणि काका गावात नव्हते.

ती जीव मुठीत धरून पळत सुटली. ओरेन दुकानात शिडीवर उभा होता.

"उतरा! टोर्नाडो येतोय!"

"पण तुम्हीच तर म्हणालात..."

"खोटं बोलले! भोंगा असतो आमच्याकडे, रोज वाजतो. तुम्ही घाबरून पळून जाल म्हणून मीच तो बंद करायला लावला. आता तो वाजणार नाही, आणि सगळे त्याची वाट बघत बाहेर उभे आहेत. माझे बाबाही!" बोलता बोलता तिला रडू फुटलं.

ओरेनचा चेहरा पांढराफटक पडला. पण शिडीवरून उतरत तो म्हणाला, "चर्चची घंटा वाजवू!"

"नको! अवेळी घंटा झाली की घरातलेसुद्धा बाहेर येतात. कोण गेलं ते बघायला!"

"मग?"

"बंब! त्याला कर्णा आहे. चावी गाडीतच असते."

केंद्रात बंब उभा होता. टेसा चालकाच्या जागेवर चढली, पण तिची बोटं इतकी थरथरत होती की चावी फिरेना.

"सरका," ओरेन म्हणाला.

"तुम्हाला बंब चालवता येतो?"

"नाही. पण तुमच्या हातांपेक्षा बरा चालवीन."

आणि बंब निघाला. फाटकाचा खांब पाडून निघाला, पण निघाला. टेसानं कर्ण्याचा माईक धरला.

"तळघरात जा! सगळे तळघरात जा! भोंगा बंद आहे! मिसेस सोबोत्का, राहू द्या ती चादर वाळत! रुडी, बघतोस काय तोंड उघडं टाकून? पळ!"

लोक आधी चक्रावले आणि मग धूम पळाले. दारं धडाधड बंद होत गेली. मागे, शेतांच्या टोकाला, ढगातून एक काळी सोंड खाली उतरत होती. ओरेननं आरशात एकदा बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही.

गावातलं शेवटचं घर टेसाचं. बाबा ओसरीत कॉफी पीत बसले होते.

"भोंगा कुठे झालाय?" ते म्हणाले.

"बाबा, ऊठ!"

बाबांना उठायला वेळ लागला. ओरेननं त्यांना सरळ उचललं, कॉफीच्या कपासकट, आणि तिघं तळघराच्या पायऱ्या उतरले. वरचं दार टेसानं ओढून अडसर घातला.

काळोख. फळ्यांवर लोणच्याच्या बरण्या किणकिणत होत्या. मग घरघर सुरू झाली. ती आभाळातून नाही, जमिनीतूनच येत होती. कानांना दडे बसले. दार उचकटू पाहत होतं. टेसा भिंतीला चिकटून थरथर कापत होती, आणि मग कुणीतरी तिचा हात धरला. तो हातही कापतच होता.

"तुम्ही म्हणाला होता... कशालाच घाबरत नाही."

"सगळ्याला घाबरते! हिवाळ्याला घाबरते. बाबांचा श्वास अडकतो त्याला. या गावात शेवटचा दिवा कोण मालवणार, त्याला. आणि..."

"आणि?"

"आणि तू निघून जाशील, याला."

तुम्हीचं तू कधी झालं, तिलाही कळलं नाही. ओरेनचा हात घट्ट झाला.

काळोखातून बाबा खाकरले. "मला कमी ऐकू येतं हं. चालू द्या तुमचं."

ते बाहेर आले तेव्हा गाव जागेवर होतं. मिसेस सोबोत्कांच्या कोठाराचं छप्पर उडालं होतं, 'प्लम फोर्कमध्ये स्वागत' असं लिहिलेली पाटी कुठल्या कुठे गेली होती, पण माणसं सगळी होती. एकमेकांना हाका मारत, मोजत, मिठ्या मारत होती. टेसा ओसरीच्या पायरीवर मटकन बसली.

"मी तुला फसवलं," ती म्हणाली.

"हो," ओरेन म्हणाला. "मला जरा विचार करू दे."

एवढंच. आणि तो निघून गेला.

सकाळी त्याची निळी गाडी दिसली नाही. कॅफेच्या वर तो राहत होता त्या खोलीचं दार उघडं होतं, आत कुणी नव्हतं. कुणी बोल लावला नाही टेसाला, उलट मिसेस सोबोत्कांनी तिच्यासाठी कोलाची पाठवली. त्यानं तर तिला जास्तच रडू आलं. जायचाच होता तो. खोटं बोलून थांबवलेलं माणूस कसं राहील? वर बाबांची औषधाची बाटली कालच्या गडबडीत ओसरीत फुटली होती. म्हणजे पुन्हा तो तासाभराचा रस्ता, पुन्हा ती धडधड.

एमिल काकांनी मान खाली घालून फ्यूज जागेवर बसवला. "पुन्हा कधी नाही गं बाई," ते म्हणाले. "कुणी येवो न येवो."

टेसा पिकअपची चावी घेऊन रस्त्यावर आली आणि थांबली. समोरून एक निळी गाडी येत होती. हळूहळू, चिखल उडवत. काचेतून ओरेन दिसला. त्यानं स्टिअरिंगवरून एक बोट वर केलं.

टेसाचा हात आपोआप वर गेला, सगळ्या बोटांसकट.

तो उतरला. हातात औषधाची पिशवी. "तुझ्या बाबांचं. काल ओसरीत बाटली फुटलेली दिसली होती. रस्ता खरंच फार लांब आहे गं. औषधांचं दुकान इथेच हवं."

"म्हणजे तू..."

तेवढ्यात बारा वाजले.

भोंगा असा किंचाळला की ओरेन जागच्या जागी उडाला. पिशवी पडता पडता वाचली. त्यानं टेसाचा हात गच्च पकडला आणि डोळे मिटून घेतले. आजूबाजूला माणसं मात्र खुशीत घरोघर निघाली. अखेर जेवायची वेळ कळली होती!

"हे... रोज?" तो ओरडला.

"रोज!" तीही ओरडली.

"मग मी रोज बाराला घाबरणार! जन्मभर! हात धरायला कुणीतरी लागेल!"

"कुणीतरी?"

"तूच!"

नेमका त्याच क्षणी भोंगा थांबला आणि ते "तूच!" अख्ख्या मुख्य रस्त्यानं ऐकलं. कॅफेत कुणाच्या तरी हातून चमचा पडला. अग्निशमन केंद्राच्या दारातून एमिल काका ओरडले, "अरे, थांबला भोंगा! सोड आता तिचा हात!"

"मला अजून भीती वाटतेय," ओरेन म्हणाला. डोळे मात्र उघडे होते आणि टेसाकडेच बघत होते.

टेसानं त्याच्या बोटांत आपली बोटं गुंफली.

"मलाही," ती म्हणाली.