पडद्यातलं छिद्र

सुदाम घरत माझ्याकडे आला तो नोकरीच्या वैद्यकीय तपासणीमुळे. वय एकेचाळीस, राहणार उलवे. विमानतळावर सामानाच्या गाड्या चालवायचं काम मिळत होतं, पण तपासणीत छातीतला वेगळा आवाज सापडला आणि नेमणूक अडली. दोन जिने चढले की त्याला धाप लागायची. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून छिद्र होतं, अठरा मिलिमीटरचं.

पनवेलच्या एका रुग्णालयात मी अशी छिद्रं बंद करते. छाती उघडावी लागत नाही. मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयात नेतो. तिच्या टोकाला सोनोग्राफीचा प्रोब असतो, त्यामुळे आतलं सगळं स्क्रीनवर दिसतं. दुसऱ्या नळीतून दोन चकत्यांची बारीक जाळी नेऊन छिद्रात बसवतो. पूर्ण भूल लागत नाही. पेशंट जागा असतो, बोलतो.

सकाळचे अकरा वाजले होते. त्याची बायको गोदू बाहेर बाकावर बसली होती. मशीनवर नावेद होता, माझा नेहमीचा टेक्निशियन. छिद्रातून येणारं रक्त स्क्रीनवर लाल झोतासारखं दिसत होतं. मी माप घेत होते.

"थांबा," सुदाम म्हणाला. त्याचे डोळे मिटलेले होते आणि स्क्रीन त्याच्या डोक्यामागे होती. "आई चाललेय. जाऊ द्या तिला."

झोत थांबला.

हृदय चालू होतं. ईसीजी, रक्तदाब, सगळं नीट. फक्त छिद्रातून काही येत नव्हतं. नावेदनं दोन बटणं फिरवली, वायर हलवून पाहिली.

"मशीन ठीक आहे, मॅडम," तो हळूच म्हणाला.

मी ठोके मोजत राहिले. अकरा ठोके झाले.

"गेली," सुदाम म्हणाला. झोत परत आला.

पेशंटला बोलतं ठेवावं म्हणून मी विचारलं, "आई कुठे असते तुमची?"

"वारली. आमचं गाव विमानतळात गेलं, त्याच्या आदल्या वर्षी. तिला नवं घर म्हाईत नाय ना."

औषधाची गुंगी असावी, असं मी नावेदला म्हणाले. त्यानं मान हलवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

मी जाळीच्या दोन चकत्यांपैकी डावीकडची उघडली, ओढून पडद्याला टेकवली.

"अजून एक येतेय, मॅडम."

"कोण?"

"वळखत नाय. बाई हाय. शेरातली दिसते."

कडेनं पाझरणारं उरलंसुरलं लाल नाहीसं झालं. ठोके अडखळू लागले. मॉनिटर वाजायला लागला. नळी आत जितका वेळ राहील, तितका धोका वाढत होता.

"मॅडम, थांबा. ती मधीच हाय."

मी थांबले नाही.

दुसरी चकती उघडली. जाळी नीट बसल्याची खात्री केली आणि सोडून दिली. छिद्र बंद झालं. चार-पाच ठोक्यांत नाडी सुरळीत झाली.



सहा महिन्यांनी दोघं तपासणीला आली. नोकरी लागली होती. गोदू म्हणाली, "आता तीन माळे चढतात, दमत नाय." मी तिला बाहेर बसवलं, सुदामला पलंगावर झोपवलं, छातीला जेल लावून वरून प्रोब टेकवला. जाळी जागच्या जागी होती. गळती शून्य. मला खरंच आनंद झाला. त्या दिवसाचा विषय मी काढला नाही, त्यानंही नाही.

त्यानं डोळे मिटले.

"विनू," तो म्हणाला. आवाज त्याचाच, पण बोलणं त्याचं नव्हतं. "केस बांध आधी. कामाच्या वेळी मोकळे नको ठेवूस."

विनू मला फक्त माझी आई म्हणायची. तिला जाऊन एकोणीस वर्षं झाली.

"झालं का हो मॅडम?" सुदाम विचारत होता, नेहमीसारखा.

माझे दोन्ही हात डोक्यामागे होते. केसांना जेल लागलं होतं. प्रोब मी कधी हुकाला अडकवला, आठवत नाही.

प्रोब कुणाच्याच छातीवर नव्हता, तरी स्क्रीनवर हृदय धडधडत होतं. रेकॉर्डिंग नव्हतं ते. कोपऱ्यातले सेकंद पुढे सरकत होते.