सहाव्या खाटेवरचे मामा

ती यादी जरा बाजूला ठेवा. डोंगरात राहायला जाताय, खुशाल जा. पण माणसं जेवढी, तेवढीच नावं लिहा. का, ते सांगतो. कुठे वाचलेलं नाही. चौदा वर्षं माझ्या शेजारच्या बाकावर बसून चष्म्याची भिंगं घासणाऱ्या बाईच्या घरी घडलेलं आहे. कारखान्यात सगळे तिला ताई म्हणायचे, आपणही ताईच म्हणू.

ऑक्टोबरात एका सकाळी ताई वडिलांना, म्हणजे अप्पांना, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. औषधाचे थेंब बदलून आणायचे, एवढंच काम. डॉक्टरांनी थेंब लिहून दिले आणि अप्पांना बाहेर बसवून तिला म्हणाले, "नव्या वर्षापर्यंत उजेड-अंधार तेवढा कळेल. काही दाखवायचं राहिलं असेल तर आत्ताच दाखवा."

ताई दिवसभर लोकांच्या नजरेसाठी काचा घासायची. घरच्या माणसासाठी मात्र तिच्याकडे काच नव्हती. परतताना बसमध्ये तिने विचारलं, "अप्पा, काय बघावंसं वाटतं?" अप्पा म्हणाले, "डोंगर. पहाटेचे. खूप जवळून."

झालं. ताईने पदर खोचला. वर डोंगरात एक लाकडी केबिन भाड्याने मिळायची. दोन रात्री, पाच माणसं: ती, अप्पा, मधला भाऊ, धाकटा भाऊ आणि धाकट्याची बायको. भाऊ एका सुरात म्हणाले, "ताई, तू ठरव. आम्हाला काहीही चालेल."

हे "काहीही चालेल" ज्याने ऐकलंय ना, त्यालाच कळेल.

मधल्याला शनिवार चालेना. धाकट्याला वरची खाट चालेना, "मला चक्कर येते, तुला माहितीये." त्याच्या बायकोला घोंगडं टोचतं, आणि संडास केबिनच्या बाहेर वीस पावलांवर आहे हे कळल्यावर तिने फोनच ठेवला. तारीख चार वेळा बदलली. डिसेंबर लागला की वरचा रस्ता बर्फाने बंद, हे ताईने प्रत्येकाला तीन-तीनदा सांगितलं. मधला म्हणायचा, "अगं चिडतेस काय? आपण फिरायला जातोय ना?" ताईचे दात एकमेकांवर घासले जायचे, भिंगांसारखे.

शेवटी एका रविवारी ती अर्ज भरायला बसली. तर नियम काय? सहा माणसांखाली केबिन मिळत नाही. सहा खाटा, सहा नावं. एक रकाना रिकामा राहिला की अर्ज पुढे सरकेच ना. केबिनच्या रखवालदाराला फोन केला. तो म्हणाला, "बाई, नियम माझा नाही. खाटेवर नाव लागतं." मग मधल्याला विचारलं, तुझा एखादा मित्र येईल का? तो म्हणाला, "तूच बघ ना कोणीतरी."

तेव्हा तिचं डोकं फिरलं. सहाव्या रकान्यात तिने लिहिलं: मामा. वय साठ. खाट: दाराजवळची, कारण ती कोणालाच नको होती. काही विशेष सूचना? तिने दात-ओठ खात लिहिलं: काहीही चालेल.

अर्ज गेला.

आता एक लक्षात घ्या. या भावंडांना मामा नव्हता. आई एकुलती एक.

सोमवारी दुपारी रखवालदाराचा फोन आला. "यादी पक्की झाली. तुमच्या मामांशीही बोलणं झालं."

ताईने तडक धाकट्याला झापलं. "लाज नाही वाटत? मी इथे मरमर मरतेय आणि तुला नकला सुचतायत?"

"कसल्या नकला? ताई, तुला विश्रांतीची गरज आहे."

मधल्याने तर शपथ घेतली. तिने दोघांवरही विश्वास ठेवला नाही.

बुधवारी पुन्हा फोन. "मामांनी सांगितलं तसं केलंय. दारापासून संडासापर्यंत कमरेएवढ्या उंचीवर दोर बांधलाय. आंधळ्या माणसाला हाताने धरून जाता येईल. आणि अप्पांची खाट शेगडीपाशी, खाली."

दोर... हे तिलाही सुचलं नव्हतं. भावांना तर जन्मात सुचलं नसतं. आणि अप्पांच्या डोळ्यांचं तिने रखवालदाराला कधी सांगितलंच नव्हतं. मला बाकावर म्हणाली, "एवढ्या सगळ्यांत मेला एकच माणूस नीट वागतोय, आणि तोच नाहीये." आम्ही दोघंही हसलो. तिचं हसणं अर्ध्यातच थांबलं.

नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार. शुक्रवारी पहाटे निघायचं होतं. रात्री आठ वाजून चाळीस मिनिटांनी ताई अप्पांचे स्वेटर घडी करत होती. अप्पा पलंगावर बसून कान देऊन ऐकत होते, लहान मुलासारखे. धाकटा दारात उभा राहून विचारत होता, परवा दुपारपर्यंत परत येता नाही का येणार?

फोन वाजला.

"बाई..." रखवालदाराचा आवाज बारीक झाला होता. "मामा वर आलेत."

"कोण आलंय?"

"शेगडी पेटलीये आतून. दार मी उघडलेलं नाही. किल्ली माझ्या खिशात आहे."

ताईने हातातला स्वेटर पलंगावर टाकला.

"ते म्हणतात, बाकीचे नाही आले तरी हरकत नाही. अप्पांना तेवढं आणा."

"त्यांना... त्यांना फोन द्या."

काहीच नाही. मग वारा. मग लाकडी फळीवर पाऊल. एक. आणखी एक. कोणीतरी फोन हातात घेतला. श्वास ऐकू येत होता, सावकाश.

"तुम्ही कोण?"

...

"कोण आहात तुम्ही?"

"काहीही चालेल," आवाज म्हणाला. शांत. अगदी समजूतदार.

ताईने फोन बंद केला. तिने सगळं रद्द केलं, तिथल्या तिथे. धाकटा चक्क म्हणाला, "बरं झालं." मधला फोनवर ओरडला, की रजा घेतली होती ना मी!

अप्पांनी विचारलं, "जायचं नाही का गं?"

"पुढच्या वर्षी जाऊ, अप्पा."

"पुढच्या वर्षी मला काय दिसणार, बाळ?"

ते एवढंच म्हणाले. मग भिंतीकडे तोंड करून झोपले.

ताईने पुढच्या दाराला कुलूप घातलं. साखळी लावली. दारापुढे टेबल ओढलं. अप्पांच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसली. बारा वाजले. एक वाजला. काही नाही. दोनला तिचा डोळा लागला... किंवा लागला नसेल. तिला नक्की सांगता येईना.

साडेसहाला जाग आली. टेबल तिथेच. साखळी तशीच. कुलूप बंद.

थेंब घालायला ती खोलीत गेली. अप्पा उताणे झोपले होते. चेहरा निवांत. गाल लाल झालेले, थंडीत चालून आल्यासारखे. डॉक्टरांकडून आल्यापासून हा माणूस फाटकापलीकडे गेला नव्हता.

"अप्पा?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. नुसते हसले. "दमलो गं," म्हणाले. "पण गुलाबी असतात, तुला माहितीये? आधी गुलाबी, मग पांढरे."

पांघरूण सरकलं होतं. पाय बाहेर आले होते.

ताई वाकली. दोन्ही टाचांवर पाण्याने भरलेले मोठाले फोड होते. खूप चढून गेल्यावर येतात तसे. आणि फोडांवर पट्ट्या बांधल्या होत्या. जाड, विणलेलं, करडं, घोंगड्याचं कापड. असलं कापड त्या घरात नव्हतं. पट्टी हळुवार गुंडाळलेली, पायाला काचणार नाही अशी.

वर छोटीशी गाठ. अजून ओली होती.