जांभळाचं पिंप आणि आईची गाठ

रविराजला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो नखशिखांत जांभळा होता. आणि त्याला जांभळा करणारी मीच होते. खोटं कशाला सांगू!

धर्मापुरीच्या माळावर त्यानं जांभळाच्या वाइनचा छोटा कारखाना काढला होता. पत्र्याचं शेड, सहा पिंपं, बस्स. आमच्या बांधावरची जांभळं दरसाल मातीत सडायची, म्हणून आदल्या संध्याकाळी मी दोन क्रेट तिथं ठेवायला गेले. शेडात कुणी नव्हतं. एका पिंपाच्या झाकणातून नळी निघालेली, शेजारच्या पाण्यात बुडबुडे सोडत... अगं बाई, असं उघडं ठेवतात का? बुरशी धरंल की! मी नळी उपटली, भोकात बूच ठोकलं, वरून फडकं टाकून सुतळीनं करकचून आवळलं. आई लोणच्याची बरणी बांधते, अगदी तसं.

सकाळी पिंप फुटलं. आतली हवा जायला ती नळी होती म्हणे!

आवाजानं गाव गोळा झालं, मीही धावले. रविराज दारात जांभळा निथळत उभा होता. माझे वडील, आप्पाही आले.

"कुणी केलं हे?" आप्पांनी विचारलं.

रविराजनं सुतळीकडं पाहिलं. मग सुतळीवरच डोळे खिळलेल्या माझ्याकडं. मी मान खाली घातली...

"मीच. नळी लावायची राहिली," तो म्हणाला.

सगळे खो खो हसले. मला मात्र रडू आलं. ओळख ना पाळख, अन् हा माणूस माझ्यासाठी येडा ठरला होता.

"खरं कावून न्हाई सांगितलं?" दुपारी परत जाऊन भिंतीवरचा रस पुसताना मी विचारलं.

"सांगितलं असतं, तर तुमी परत आला असता?"

"आन् आता?"

"आता यावंच लागंल. भिंती चार हायत —"

चार भिंती पुसायला मला चार महिने लागले! दिवाळीनंतर त्यानं घरी मागणी धाडली, अन् आप्पा कडाडले, "ज्याला पिंप सांभाळता येत न्हाई, त्याला पोरगी देऊ?"

त्यानं माझी चूक अंगावर घेतली, अन् तीच आता आडवी आली होती. मी गप्प बसले असते, तर तो हातचा गेलाच असता.

"आप्पा, पिंप मी बांधलं होतं! त्यांनी माझं नाव झाकलं."

आप्पा मिशीत हसले. "ठाऊक हाय. ती गाठ तुझ्या आईची. पंचवीस वर्षं सोडतोय मी ती."

"मग बोलला कावून न्हाई?"

"तो तुला सांभाळतो का, ते तवाच कळलं. तू त्याला सांभाळतीस का, ते बघत होतो. जा, बोलाव त्याला."

मी पळतच शेडावर गेले. धाप लागलेली, बोलायचं लई होतं... तोंडातून एवढंच आलं, "तुमचे लई उपकार हायत माझ्यावर."

त्यानं खिशातून सुतळीचा जांभळा तुकडा काढला. गाठ तशीच होती.

"सोडवतच न्हाई," तो म्हणाला.

"नका सोडू," मी म्हणाले.