दुसरी तबकडी

अवधूतची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, आणि त्या भांडणात बरोबर मी होते. हे आधीच नोंदवून ठेवते, कारण पुढे असे फार वेळा घडले नाही.

डिसेंबर चालू होता. परभणीच्या आमच्या कृषी हवामान वेधशाळेत रोज सकाळी सात आणि दुपारी दोन वाजता नोंदी घेतल्या जातात. हे सात मात्र भिंतीवरच्या घड्याळाचे नव्हेत, परभणीच्या डोक्यावरून जाणाऱ्या सूर्याचे. देशाची प्रमाणवेळ ज्या रेखांशावरून ठरते, त्याच्या आपण बरेच पश्चिमेला आहोत. म्हणून आपली स्थानिक वेळ तेवीस मिनिटे मागे. त्यासाठी आम्ही एक जुने मनगटी घड्याळ मुद्दाम तेवीस मिनिटे मागे लावून ठेवतो. त्याचा सेल संपला, तेव्हा आमचे निरीक्षक मुंजाजी ते बाजारात घेऊन गेले. मी दोन दिवस जिंतूरच्या शिवारात होते. परत येऊन वही उघडली, तर दोन्ही दिवसांची सकाळची तापमाने संशय यावा इतकी थंड होती.

“मुंजाजी, घड्याळाला काही केलंत का?”

“म्या काय न्हाई केलं, मॅडम. दुकानदारानंच मेहरबानी केली. म्हन्ला, लय मागं पडलंय, टाइम बी लावून देतो.”

मी ते घड्याळ घेऊन थेट दुकान गाठले. काउंटरमागे तिशीचा एक तरुण उजव्या डोळ्याला भिंग लावून बसला होता. त्याने मान वर केली, पण भिंग काढायचे विसरला. एक डोळा मोठा, एक लहान… अशा चेहऱ्यावर रागावणे कठीण असते, तरी मी प्रयत्न केला.

“तुम्ही आमचं घड्याळ बिघडवलंत.”

“बिघडवलं? तेवीस मिनिटं मागं चालायलं होतं ते. मी बरोबर लावून दिलं.”

“ते बरोबरच होतं.”

मग मी त्याला रेखांश समजावून सांगितले. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. माझ्या अनुभवात ही दुर्मीळ घटना आहे.

“म्हणजे मी सूर्याला तेवीस मिनिटं ढकललं म्हणा की.”

“सूर्याला नाही. मुंजाजींना.”

तो हसला, आणि हसताना भिंग डोळ्यावरून निसटून त्याच्या तळहातात पडले. “बिघाड घेऊन लोक रोज येतात, मॅडम. बिघाड परत मागायला तुमीच पहिल्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वेधशाळेच्या फाटकाशी उभा होता, कानाला मफलर गुंडाळून. “दुरुस्तीनंतर एकदा तपासून बघायची पद्धत हाय आमच्यात,” तो म्हणाला. ही तपासणी पुढे पाच आठवडे चालली. मी हरकत घेतली नाही. सातत्याने केलेल्या निरीक्षणाचे मोल मला ठाऊक आहे. तो तापमापक वाचायला शिकला. दव पडलेल्या गवतातून चालताना माझ्या बाजूने चालायला शिकला. आणि मी — देवावर विश्वास नसलेली ईश्वरी — सकाळी सहापासून फाटकाकडे पाहू लागले.

जानेवारीच्या मध्यावर नेदरलँड्सहून पत्र आले. मातीतल्या ओलाव्यावर दोन वर्षांचे संशोधन. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचे. माझे वडील, दिनकरराव, गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांनी पत्र दोनदा वाचले आणि म्हणाले, “एक चांगलं घड्याळ घे माझ्याकडून. आयुष्यभर टिकेल असं, भारीतलं. तिथलीही वेळ दाखवेल आणि इथलीही. म्हणजे भलत्या वेळी फोन करून मला उठवणार नाहीस.”

असे घड्याळ कुणाकडून घ्यायचे, हे त्यांनी सांगितले नाही. सांगण्याची गरज नव्हती.

अवधूतने हैदराबादच्या व्यापाऱ्याकडून तीन घड्याळे मागवली आणि मखमली ट्रेवर ओळीने मांडली.

“फुरसतीनं बघा. ह्या पहिल्याला चौथा काटा हाय, तो चोवीस तासांत एक फेरी मारतो. तिथं उतरल्यावर तासाचा काटा उडी मारून तिथल्या वेळेवर न्यायचा.”

“उडी केवढी?”

“एकेका तासाची.”

“हिवाळ्यात फरक साडेचार तासांचा आहे. उरलेला अर्धा तास मी कुठे ठेवू?”

“पर्समध्ये,” तो गंभीरपणे म्हणाला.

दुसऱ्याच्या कडेवर चोवीस शहरांची नावे कोरलेली होती. त्यांत अर्ध्या तासावरचे एकही शहर नव्हते. अख्खा भारत कडेवरून घसरून पडला होता. तिसऱ्यात मात्र एकाच पोलादी घरात दोन तबकड्या होत्या, प्रत्येकीची यंत्रणा वेगळी, मिनिटापर्यंत स्वतंत्र लावता येणारी.

“जाड आहे,” मी म्हणाले. “प्रवासाला ठीक. पण मला रोज वापरायचं आहे. मातीत हात घालावे लागतात.”

“पाणी जात न्हाई आत. काचेवर सहज ओरखडा उठत न्हाई. पट्टा तेवढा कातड्याचा घेऊ नका, माती आन् घाम खातो त्याला. जाडीचं म्हणाल तर… हात द्या इकडं.”

त्याने कागदाची पट्टी माझ्या मनगटाभोवती गुंडाळली. माप घेऊन झाले, तरी बोटे तिथेच राहिली. समोरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे त्याचे लक्ष होते.

“काय मोजताय?”

“पंधरा सेकंदांत चोवीस. म्हणजे शहाण्णव.”

“माझी नाडी बहात्तर असते.”

“असेल की. आत्ता न्हाई.”

मी हात काढून घेतला… फार घाईने नव्हे. “मग हेच घेऊ?”

इथे तो बदलला. त्याने ट्रे बाजूला सरकवला आणि खणातून एक पातळ, सुंदर, एकाच तबकडीचे घड्याळ काढले. “खरं सांगू? तुमी हे घ्या. तिथं उतरलात की तिथली वेळ लावा. आन् तेवढीच बघा.”

“आणि इथली?”

“इथलीचं काय काम हाय तिथं?”

मी “विचार करते” म्हणून बाहेर पडले.

विचार केला, पण त्याला विचार म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. एका वाक्यावरून निष्कर्ष काढू नये, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. आणि मी स्वतः त्या एका वाक्यावर पाच दिवस काढले. दुसऱ्या सकाळपासून अवधूत वेधशाळेत यायचा थांबला. जेवण जाईना. मला दोन शक्यतांची भीती होती. तो काहीच बोलणार नाही, आणि मी दोन वर्षे न विचारलेला प्रश्न घेऊन परक्या देशात माती तपासत राहीन. किंवा तो बोलेल, “जाऊ नका” म्हणेल, आणि मग या पत्रासाठी घालवलेली आठ वर्षे आणि तो, यांतून मला एक निवडावे लागेल. कोणती शक्यता अधिक वाईट, हे ठरत नव्हते.

“घड्याळवाले येईनात का आता?” मुंजाजींनी पर्जन्यमापक पुसत विचारले. “तपासनी संपली जनू.”

“मला काय माहीत.”

“मंग इचारा की. थर्मामीटर बी जवळ जाऊनच वाचावं लागतंय, मॅडम. इथं हुभं राहून कसं कळन?”

शनिवारी दुपारी मी दुकानात गेले. मुंबईची गाडी मंगळवारी होती.

“मला तिसरं घड्याळ हवं आहे.”

त्याने ते काढून समोर ठेवले. त्यांच्या दुकानाची एक रीत आहे: बंद घड्याळ उंबऱ्याबाहेर जात नाही. वेळ दुकानदाराने लावायची, चालू करायची आणि मगच गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची. त्याने पहिली तबकडी नेदरलँड्सच्या वेळेवर लावली. मग दुसऱ्या तबकडीची चावी ओढली आणि थांबला.

“हिच्यावर?”

“ते तुम्ही सांगा.”

“हे गिऱ्हाइकानं सांगायचं असतंय, ईश्वरी.”

पाच आठवड्यांत पहिल्यांदाच त्याने नाव घेतले होते. दुकानभर घड्याळे टिकटिकत होती, एकही दुसऱ्याशी जुळत नव्हते.

“त्या दिवशी मला एका तबकडीचं का दाखवलंत?” मी विचारले.

तो चावी बोटांत धरून खाली बघत राहिला. “तुमच्यासाठी म्हणून न्हाई. माझ्यासाठी. तुमच्याकडं इथली वेळ असली, तर मी रोज म्हणणार — आत्ता बघितली असेल. आन् वाट बघणार. तुमी न्हाई बघितलं, तर तुमची चूक न्हाई. पण मी तर हैराण होणार ना. म्हणून म्हटलं, आशाच नको.”

“अवधूत, तुम्ही मला थांबा म्हणणार आहात का?” माझा आवाज फारसा शास्त्रीय नव्हता.

त्याने मान वर केली. यावेळी दोन्ही डोळे सारखेच होते, आणि दोन्हींत आश्चर्य होते. “थांबा? कशाला? एवढं मिळवलंय तुमी. थांबलात तर मला आवडणार न्हाई.” मग हळूच म्हणाला, “परत आलात तर… लय आवडेल.”

मी काउंटरजवळच्या स्टुलावर बसले. भीती एकदम उतरली. ज्या दोन शक्यतांची मी पाच दिवस तुलना करत होते, त्यांतली एकही खरी नव्हती. तिसरी माझ्या यादीतच नव्हती.

“प्रेम हा शब्द मी पुराव्याशिवाय वापरत नाही,” मी म्हणाले.

“बरं.”

“पाच दिवस माझ्याकडून एकही आकडा बरोबर लिहिला गेलेला नाही. मुंजाजींनी सगळे तपासून दुरुस्त केले. एवढा पुरावा मला पुरेसा वाटतो.”

“मला बी पुरतो,” तो म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. “मग… परभणी?”

“परभणी. आणि मी बघेन. रोज बघेन असं वचन देत नाही, कामात विसरेन. पण विसरले तर फोन करून तसं सांगेन.”

“चालतंय.”

त्याने वेळ लावली आणि चावी आत दाबली. मग घड्याळ स्वतःच माझ्या मनगटावर चढवले. पट्ट्याची कडी बसायला लागतो त्यापेक्षा त्याने बराच जास्त वेळ घेतला. मीही हात स्थिर धरला.

आणि अचानक मला भूक लागली. साधी नव्हे, पोटात कळ यावी अशी.

“काय झालं?” त्याने घाबरून विचारले.

“काही नाही. पाच दिवसांचं जेवण राहिलंय.”

तो मोठ्याने हसला आणि काउंटरवरची फळी उचलून बाहेर आला. “पेडगावला मामाच्या रानात हुरडा चालू हाय. वीस मिनिटांचा रस्ता. दिनकरकाकांना बी घेऊ संगं. त्यांच्याशी बोलायचंच हाय मला.”

“बोलणार काय?”

“ते अजून ठरवलं न्हाई. आधी बोलू, का आधी खाऊ?”

“आधी खाऊ,” मी म्हणाले. “बाबा उपाशीपोटी फार प्रश्न विचारतात.”

त्याने भर दुपारी शटर ओढले. शेजारचा कापडवाला चकित होऊन पाहत होता. मी त्याला नमस्कार केला आणि बाबांना घ्यायला अवधूतच्या मागे गाडीवर बसले.